शुल्कपत्रकातील बट्टा : कूटचलन-विनिमयाच्या आकारणीची एक चिकित्सा

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे अनेक आहेत. बीड जिल्ह्यात एक आहे, वर्धा जिल्ह्यात एक आहे, आणि १८१८ साली बापू गोखले जेथे पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यात येते. प्रस्तुत लेखात अभिप्रेत असलेली आष्टी जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील होय; बाजारभावांच्या कोष्टकांत तिच्या नावाला जिल्ह्याचे नाव जोडावे लागते ते या नामसाम्यामुळेच. १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत हा तालुका परभणी जिल्ह्यात होता. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण इतकेच की, एक नाणे देऊन दुसरे घेताना मधल्या माणसाच्या हाती किती राहते हा प्रश्न या मुलखाला मुळीच नवा नाही.

हैदराबाद संस्थानाचे नाणे हाली सिक्का आणि इंग्रजी मुलखाचे नाणे कलदार. कळेवर, म्हणजे यंत्रावर, पाडलेला रुपया तो कलदार. परतूरहून मनमाडकडे निघालेला प्रवासी संस्थानाच्या हद्दीपलीकडे उतरला की त्याच्या कनवटीचा हाली रुपया तेथे परका ठरे. उस्मानिया नाण्याच्या काळात दोहोंचे प्रमाण सहा कलदारांस सात हाली असे स्थिरावले होते. म्हणजे शंभर कलदारांचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली होत. आता कोणी शंभर कलदार सराफापुढे ठेवले आणि सराफाने त्याच्या हातावर एकशे सोळा हाली मोजले, अशी कल्पना करू. दहा आणे आठ पै सराफाकडे राहिले. हा बट्टा शेकडा सुमारे ०.५७ पडतो. परंतु ज्याला सात-सहाचे प्रमाण ठाऊक नाही त्याला या व्यवहारात बट्टा दिसणारच नाही. शंभर दिले आणि एकशे सोळा मिळाले, याचेच त्याला समाधान वाटण्याचा संभव अधिक. सराफाने तर शुल्क म्हणून एक पैही मागितलेली नाही! १९५० नंतर भारतीय रुपया या भागात प्रचारात आला आणि १९५९ साली हाली सिक्का चलनातून कायमचा बाद झाला. बट्टा हा शब्द मात्र पुढे 'अब्रूला बट्टा लागणे' एवढ्यापुरताच उरला की काय, अशी शंका येते.

ही शंका येण्यास निमित्त झाले ते कूटचलनाच्या विनिमयपेठा प्रसिद्ध करीत असलेल्या शुल्कपत्रकांच्या वाचनाचे. बिटकॉइनचे जाळे जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. आज आष्टीसारख्या गावातील तरुणही हातातल्या मोबाइलवरून रुपये देऊन त्याचा अंश विकत घेऊ शकतो. ज्या पेठेत तो हे करतो ती आपले दर एका पत्रकात मांडते, आणि अशी अनेक पत्रके शेजारी ठेवून 'सर्वांत स्वस्त पेठ कोणती' याची कोष्टकेही तयार केली जातात. ही पत्रके आणि ही कोष्टके एक प्रकारचे लेखनच होत, आणि कोणत्याही लेखनास लावावयाची कसोटी त्यांसही लावता येते: जे सांगण्याचा ती आव आणतात ते ती सांगतात काय? आमच्या मते सांगत नाहीत. त्यांतील आकडे खोटे असतात असा आरोप येथे नाही. आकडे बहुधा खरेच असतात. पण ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुढे केले जातात तो प्रश्नच निराळा असतो.

पत्रकात मुख्यतः एक दर असतो : व्यवहाराच्या रकमेवर शेकडा अमुक. परंतु घेणाऱ्याचा खर्च दोन ठिकाणी होतो. एक या दरात, आणि दुसरा भावात. विनिमयपेठेत कोणत्याही क्षणी एकच भाव नसतो. विकणाऱ्यांचा सर्वांत कमी भाव आणि घेणाऱ्यांचा सर्वांत जास्त भाव असे दोन असतात, आणि त्यांच्यामध्ये अंतर असते. ज्या पेठेत या मागण्यांची नोंदवही सर्वांसमोर उघडी असते तेथे हे अंतर दिसते. बाजार समितीच्या आवारात ढिगाभोवती उभे राहून पुकारलेल्या लिलावाशी ही रीत जुळती आहे. प्रत्येकाची बोली प्रत्येकाच्या कानी पडते. याउलट 'झटपट खरेदी' नावाची जी सोय पुष्कळ पेठा देतात तीत पेठच एक भाव सांगते आणि गिऱ्हाइकाने तो घ्यावा किंवा सोडावा. पूर्वी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे, त्याची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. फरक इतकाच की रुमालाखाली निदान दोघांची बोटे असत.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. पुढील उदाहरण कल्पित आहे. त्यातील दर कोणत्याही विशिष्ट पेठेचे नाहीत. एका नाण्याचा मधला भाव १०० रुपये आहे असे धरू. पहिली पेठ शेकडा ०.५ शुल्क घेते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ते ०.५९ होते. तिच्या उघड्या नोंदवहीत घेण्याचा भाव १००.१० आणि विकण्याचा भाव ९९.९० आहे. दुसरी पेठ 'शुल्क शून्य' असे मोठ्या अक्षरांत सांगते. तिचा घेण्याचा भाव १०१ आणि विकण्याचा ९९ आहे. दहा हजार रुपये घेऊन गेलेल्या माणसाने नाणे घेऊन तेवढ्याच भावस्थितीत लगेच विकले तर पहिल्या पेठेतून त्याच्या हाती ९,८६२ रुपये ६० पैसे परत येतात. दुसऱ्या पेठेतून ९,८०१ रुपये ९८ पैसे. म्हणजे शुल्क घेणाऱ्या पेठेत १३७ रुपये ४० पैसे गेले, आणि शुल्क न घेणाऱ्या पेठेत १९८ रुपये २ पैसे. तुलनेच्या कोष्टकात मात्र दुसरी पेठ वरच्या ओळीत आणि पहिली तिच्या खाली असणार, कारण कोष्टकाचा स्तंभ 'शुल्क' या शब्दाचा आहे. शब्दाने खर्चाची हद्द आखली, आणि खर्च हद्दीबाहेरून निघून गेला.

या ठिकाणी मराठीच्या जुन्या व्यापारी शब्दसंग्रहाकडे वळणे अगत्याचे वाटते. अडत, दलाली, तोलाई, मापाई, हमाली, बट्टा, कसर, हुंडणावळ, कडता, धर्मादाय: हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. दलाली ही दोन पक्ष एकत्र आणण्याबद्दल. अडत ही माल ठेवून घेऊन विकून देण्याबद्दल. हुंडणावळ ही पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी पोचविण्याबद्दल. बट्टा हा नाण्यानाण्यांतील फरकाबद्दल. आणि कडता म्हणजे मालात माती-कचरा असेल या सबबीखाली वजनातच केलेली वजावट. यांतील शेवटचा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. कडता पैशांत दिसत नसे. तो मापात मुरत असे. झटपट खरेदीतील भावाचे अंतर हा कडत्याचाच नवा अवतार होय. मोलस्वर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तिच्यात या वर्गातील शब्दांची रेलचेल आहे आणि पेठेत प्रत्येक कपातीला स्वतंत्र नाव होते हे त्यावरून स्पष्ट होते. नव्या पत्रकाचा मराठी वाचक या सर्वांसाठी 'शुल्क' असा एकच संस्कृत शब्द वापरतो. तो दिसायला भारदस्त आहे. पण अर्थाच्या दृष्टीने गोणपाटासारखा. काहीही भरावे.

यावर कोणी म्हणेल की जुन्या पेठेत नावे पुष्कळ होती ती कपाती पुष्कळ होत्या म्हणून. शेतकऱ्याला त्या नावांनी काय वाचविले? आक्षेप योग्य आहे, आणि गतकालाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतूही नाही. नुसत्या नावाने कोणी वाचत नाही. परंतु नाव असलेल्या कपातीशी भांडता येते, आणि या देशातील बाजारनियमनाचा इतिहास म्हणजे असेच एक दीर्घ भांडण आहे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा बाजार नियमाखाली आला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हैदराबाद संस्थानाने १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, शेतमाल बाजारांचा कायदा केला, आणि आष्टीचा मुलूख या कायद्याच्या कक्षेतला. पुढे १९६३ चा महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन (विनियमन) अधिनियम आला. या सर्वांचे मर्म एकच होते. कोणती कपात, कोणाकडून, किती, हे लेखी असावे, आणि जे लेखी नाही ते घेऊ नये. धर्मादायाच्या नावाची कपात तिच्या नावासह वादात आणता आली. मापात मुरलेला कडता शोधण्यासाठी मात्र आधी तोलकाट्याची तपासणी करावी लागली. कूटचलनाच्या पेठेत या तोलकाट्याची जागा भावाने घेतली आहे, आणि तो तपासण्याची तसदी तुलनेची कोष्टके सहसा घेत नाहीत.

कायदा कोणाकडून घ्यावे हे सांगतो, तेवढ्याने भार कोणावर पडतो याचा निर्णय होत नाही, हेही या इतिहासातून दिसते. बाजार फी खरेदीदाराकडून घ्यावयाची असते. फळे व भाजीपाल्याची अडतही जुलै २०१६ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर गेली. पण ज्या खरेदीदाराला अडत भरावयाची आहे तो बोली करताना ती मनात धरूनच बोलणार. विनिमयपेठांची पत्रके 'मेकर' आणि 'टेकर' असे दोन दर दाखवितात, तेथे नेमका हाच विचार उपयोगी पडतो. जो आपला भाव नोंदवहीत मांडून ठेवतो आणि समोरच्याची वाट पाहतो तो मांडणारा. जो मांडलेला भाव तत्काळ उचलतो तो उचलणारा. मांडणाऱ्यास दर बहुधा कमी असतो, कारण त्याच्या मांडणीनेच पेठेत माल दिसतो. पत्रकात दोन्ही दर छापलेले असले तरी गावातला नवखा माणूस जवळजवळ नेहमी उचलणाराच असतो. तेव्हा कोष्टकात त्याच्यासाठी मांडणाऱ्याचा दर उद्धृत करणे ही चूक नसून दिशाभूल आहे.

तीच गोष्ट उलाढालीनुसार उतरत जाणाऱ्या दरांची. गेल्या तीस दिवसांत ज्याने अधिक उलाढाल केली त्याला कमी दर, अशी पायरीपायरीची रचना पुष्कळ पत्रकांत असते. 'अमुक टक्क्यांपासून' या शब्दप्रयोगातील 'पासून' हे शब्दयोगी अव्यय फार काम करते. खालचा आकडा वरच्या पायरीवरच्या व्यापाऱ्याचा असतो. वाचणारा बहुधा तळाच्या पायरीवर उभा असतो. शिवाय पेठेचे स्वतःचे नाणे बाळगल्यास आणखी सूट. ही सूट फुकट नसते. ती मिळविण्यासाठी जे नाणे जवळ ठेवावे लागते त्याच्या भावाची जोखीम पदरात घ्यावी लागते. एफटीएक्स या परदेशी पेठेचे असे नाणे होते. ते बाळगणाऱ्यास शुल्कात सवलत मिळे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पेठ कोसळली आणि त्या नाण्याचे बहुतांश मोल काही दिवसांत नाहीसे झाले. सवलतीचा हिशेब मांडणाऱ्या कोष्टकात या रकमेला स्तंभ नव्हता. पेठेच्या स्वाधीन केलेला ऐवज सुरक्षित राहील काय, हा प्रश्नही याच जातीचा आहे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या मुंबईशी निगडित पेठेतून सुमारे २३ कोटी डॉलर मोलाचा ऐवज चोरीस गेला आणि गिऱ्हाइकांना आपले नाणे काढून घेता येईना. शेकडा पाव टक्क्याच्या फरकावरून पेठ निवडणाऱ्याने हा प्रसंग जमेस धरलेला बरा.

काढून घेण्याच्या शुल्काविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण येथे तुलनेचे गणितच बदलते. नाणे पेठेतून स्वतःच्या खात्री ठेवणीत नेताना जे द्यावे लागते ते बहुधा शेकड्यावर नसते, नगावर असते. बिटकॉइनच्या जाळ्यात व्यवहाराची नोंद करणाऱ्यास जे शुल्क मिळते ते नोंद किती जागा व्यापते आणि जाळ्यात गर्दी किती आहे यावर ठरते. नेलेली रक्कम हजार रुपयांची आहे की कोटीची, याच्याशी त्याचा संबंध नाही. हमालीचेही असेच आहे. हमाली पोत्यावर, पोत्यातल्या मालाच्या भावावर नव्हे. सोयाबीनचा भाव पडला म्हणून पोत्याचे ओझे कमी होत नाही, आणि त्यामुळे पडत्या भावात हमाली शेतकऱ्याच्या पट्टीत अधिक सलते. समजा नाणे बाहेर नेण्यास १०० रुपये पडतात. लाखाच्या रकमेवर तो शेकडा ०.१ झाला, हजाराच्या रकमेवर शेकडा १०. जो महिन्याला हजार-दोन हजार घालतो आणि दर वेळी बाहेर नेतो त्याच्यासाठी खरेदीचे शुल्क ०.२ आहे की ०.५ आहे, ही चर्चाच जवळजवळ निरर्थक ठरते. टक्क्यांत मोजलेली आणि नगावर मोजलेली कपात एका स्तंभात बसत नाही. ती प्रत्येक माणसाच्या रकमेनुसार निराळी मांडावी लागते.

आणखी एक बट्टा आहे, तो या दोहोंतही मोडत नाही. अनेक नाणी रुपयांत थेट मिळत नाहीत. आधी टेथरसारखे डॉलरशी बांधलेले नाणे घ्यावे लागते. हे नाणे भारतात रुपये देऊन घेताना त्याचा भाव डॉलरच्या अधिकृत दराहून बहुधा चढा असतो. येथे हाली-कलदाराची पुनरावृत्ती शब्दशः होते. डॉलरचा दर जो पाहून ठेवत नाही त्याला हा फरक कपात म्हणून दिसत नाही.

आता सरकारी आकारणीकडे. तीत तीन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र करणे ही तुलनाकारांची नित्याची चूक. वस्तू व सेवा कर पेठेच्या शुल्कावर बसतो, रकमेवर नव्हे. वरील उदाहरणात तो धरलेला आहे. दुसरी उद्गम करकपात : जुलै २०२२ पासून विक्रीच्या मोबदल्यावर शेकडा १. ही खर्च नव्हे. वर्षअखेर देय करात ती वळती होते वा परत मिळते. परंतु जो वारंवार खरेदी-विक्री करतो त्याचे भांडवल ती तोवर अडवून ठेवते. भाव जागच्या जागी आहे असे धरून त्याच रकमेची शंभर वेळा विक्री केली, तर या एका टक्क्याने मूळ रकमेपैकी शेकडा ३७ हूनही कमी हाती उरते, आणि बाकीची सरकारजमा होऊन परताव्याची वाट पाहते. तिसरा, एप्रिल २०२२ पासूनचा नफ्यावरील ३० टक्के कर व त्यावरचा उपकर. या करात संपादनाच्या किमतीखेरीज दुसरा खर्च वजा मिळत नाही, आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वळता होत नाही.

या तिसऱ्या नियमातून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते; तुलनेच्या लेखनात तिचा विचार व्हावयास हवा. विक्रीच्या वेळचे शुल्क नफ्यातून वजा मिळत नाही. म्हणजे उघडपणे मागितलेल्या त्या कपातीवरही नफा असणाऱ्यास कर भरावा लागतो. उलट भावात मुरलेले अंतर खरेदीची किंमत वाढविते आणि विक्रीची किंमत घटविते, म्हणून ते आपोआपच करपात्र नफ्याच्या बाहेर राहते. लपलेल्या कपातीला कायद्याने नकळत दिलेली ही सवलतच म्हणावी लागेल. वरील उदाहरणात दोन पेठांतील ६० रुपयांचा फरक यामुळे उलटत नाही, कारण ५८ रुपयांच्या विक्रीशुल्कावर पडणारा असा कर सुमारे १८ रुपयेच होतो. परंतु जेथे फरक थोडका असेल तेथे तो उलटू शकतो. तेव्हा नफ्यात विकणारा आणि तोट्यात विकणारा यांच्यासाठी स्वस्त पेठ एकच असेल, असेही म्हणता येत नाही.

मग तुलना करावी कशी? आष्टीच्या आवारात माल विकून परतणाऱ्याच्या हाती जी हिशेबपट्टी असते तिचा क्रम येथे मार्गदर्शक आहे. वर वजन आणि भाव. त्याखाली एकेक कपात तिच्या नावाने. आणि शेवटी निव्वळ देणे. दोन अडत्यांची तुलना करणारा शेतकरी अडतीचा दर पाहून थांबत नाही; तो शेजाऱ्याची पट्टी मागून घेतो, तोच माल, तोच दिवस धरून शेवटची ओळ पाहतो. विनिमयपेठांच्या बाबतीतही ठरावीक रकमेचे रुपये आत घालून, नाणे घेऊन, विकून, पुन्हा रुपये बँकेत येईपर्यंतची शेवटची ओळ हीच तुलनेची खरी एकक होय. जी व्यक्ती नाणे विकणार नसून बाहेर नेणार आहे तिच्यासाठी शेवटची ओळ नाण्यांत मांडावी. असे गणित प्रत्येक रकमेस निराळे येते, आणि म्हणून ते कोष्टकात मावत नाही. कोष्टककारांस ते गैरसोयीचे आहे हे आम्ही समजू शकतो.

पट्टीत आणि पेठेच्या पावतीत एक भेद मात्र उरतोच. पट्टीवरचा भाव लिलावात पुकारलेला असतो. तो दहा जणांनी ऐकलेला असतो. झटपट खरेदीच्या पावतीवर नाणे आठ दशांश स्थळांपर्यंत मोजून दिलेले असते, शुल्काच्या रकान्यात शून्य असते, आणि त्या क्षणी उघड्या नोंदवहीतील मधला भाव काय होता याचा उल्लेख सहसा नसतो. तो घेणाऱ्याने व्यवहारापूर्वी, दुसऱ्या एखाद्या पेठेची नोंदवही उघडून, स्वतःच टिपून ठेवावयाचा असतो.